गोबरवायू, वसतिगृह आणि आपले उत्तरदायित्व

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, ती शिरोधार्य मानून आम्ही आपणांसमोर उभे आहोत. या व्यासपीठावरून बहुधा शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाहखर्चाची मर्यादा असे विषय मांडले जातात आणि ते योग्यच आहे. आजचा आमचा विषय मात्र शेण, खरकटे आणि त्यांपासून निघणारा जळाऊ वायू हा आहे. विषय ऐकून कोणी नाक मुरडले, तरी त्यास आमची हरकत नाही. कारण नाक हे या विषयातील एक मोठे साधन आहे आणि ते केव्हा दगा देते, हेही आज सांगावयाचे आहे.

आपल्या वसतिगृहाच्या आवारात सामुदायिक गोबरवायू संयंत्र बांधावे, तसेच मंगल कार्यालयात कार्यप्रसंगी उरणाऱ्या तळणीच्या तेलापासून डिझेलसारखे इंधन करावे, अशा दोन सूचना सर्वसाधारण सभेपुढे येणार आहेत. पहिल्या सूचनेच्या बाजूने आमचे मत आहे आणि दुसरीच्या विरुद्ध आहे. दोन्ही मतांची कारणे आपणांपुढे ठेवतो. खर्च किती आणि बचत किती, हे प्रश्न सभेत विचारले जातीलच. त्यांच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न असा की, हे काम करणाऱ्या माणसाच्या जिवाची हमी कोण घेणार? या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, तरच बाकीच्या हिशेबाला अर्थ आहे.

गोबरवायूची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणाऱ्या वायूचा उपयोग दिव्यांसाठी केला गेला, ती गोष्ट १८९७ सालची आहे. पुढे १९५० नंतरच्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र सिद्ध केले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो नमुना गावोगाव नेला. लोखंडी टोपी गंजते व महाग पडते, म्हणून पुढे पक्क्या घुमटाचे नमुने निघाले. त्यांतील ‘दीनबंधु’ हा नमुना १९८४ साली आला. आपल्यापैकी अनेकांच्या गावी यांपैकी एखादे संयंत्र आजही चालू असेल, किंवा बंद पडून त्याचा खड्डा तसाच उघडा राहिला असेल. या दुसऱ्या प्रकाराविषयी आम्ही पुढे बोलणार आहोत.

महाराष्ट्रात या कामाला एक निराळी, नैतिक बाजूही लाभली आहे. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले आप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना मैलासफाईचे काम आपणांस द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. उच्च मानलेल्या जातीतील कैद्यास ते काम देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी उपवास आरंभिला. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांना साथ म्हणून उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी सोपे संडास, खत आणि वायू यांचे प्रयोग केले. त्यांच्याच प्रेरणेने देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ वायुसंयंत्राचा प्रसार केला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. माणसाने माणसाची घाण हाताने उचलू नये, यासाठी या मंडळींनी यंत्राचा आश्रय घेतला, हे ध्यानात ठेवावे. तेच यंत्र जर एखाद्या माणसाला खड्ड्यात उतरवण्याचे कारण होत असेल, तर आपण त्यांचे यंत्र घेतले आणि हेतू मात्र टाकून दिला, असे होईल.

आता यंत्राची रचना थोडक्यात पाहू. शेण व पाणी समभाग कालवून तो काला बंद टाकीत सोडला म्हणजे हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू त्याचे पचन करतात. आपल्याकडील उष्ण हवेत हे पचन महिना-दीड महिन्यात होते. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून दिवसाला १ घनमीटर वायू मिळतो आणि १ घनमीटर वायू म्हणजे सिलिंडरातील साधारण ४०० ते ४५० ग्रॅम गॅस. याचा अर्थ असा की, १० घनमीटरांच्या संयंत्राला रोज २५० किलो शेण हवे, म्हणजे जवळपास २५ जनावरे हवीत. आणि त्यातून घरगुती सिलिंडर तीन-साडेतीन दिवसांत एक या मानाने वाचेल. वसतिगृहाच्या शेजारच्या गोठ्यांतून शेण आणि स्वयंपाकघरातून खरकटे मिळून ही भरती होऊ शकते. खरकट्यापासून वायू झटपट निघतो, परंतु ते एकदम फार घातले तर टाकी आंबते व वायू बंद होतो. म्हणून ते मोजूनमापून घालावे लागते. योजना व्यवहार्य आहे, असे आम्ही म्हणतो ते या हिशेबावरून.

या वायूत निम्म्याहून थोडा अधिक भाग मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असतो. तिघांचे स्वभाव निराळे आहेत. मिथेन हवेहून हलका असून जळतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले की, ठिणगी पडताच स्फोट होतो. कार्बन डायऑक्साइड हवेहून दीडपट जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचतो आणि प्राणवायूला वर ढकलतो. तिसरा, हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू आहे. तोही हवेहून किंचित जड असतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एखादा भाग असला तरी वास येतो. परंतु हेच प्रमाण १०० भागांपर्यंत गेले की, थोड्याच वेळात वास येईनासा होतो. घ्राणशक्तीच बधिर होते. उतरलेल्या माणसास वाटते की, हवा स्वच्छ झाली, आणि त्याच वेळी तो मृत्यूच्या जवळ जात असतो. ५०० भागांच्या पुढे तर काही क्षणांत शुद्ध हरपते. नाक दगा देते असे आम्ही आरंभी म्हटले, ते याच अर्थाने.

हे पुस्तकी ज्ञान नव्हे, याचा दाखला फार जवळचा आहे. ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, त्या वेळच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी या गावी एक मांजर पडक्या विहिरीत पडले. त्या विहिरीचा उपयोग गोबरवायूच्या स्लरीचा खड्डा म्हणून होत असे. मांजराला काढण्यासाठी एक माणूस उतरला, तो वर आला नाही. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरला, मग तिसरा. असे करता करता पाच माणसे प्राणांस मुकली. सहावा वाचला, कारण त्याने कमरेला दोर बांधला होता आणि त्या दोराने त्याला वेळेवर वर ओढता आले. सणाच्या दिवशी घराघरांवर गुढ्या उभ्या असताना एका गावात पाच प्रेते निघाली.

या घटनेत कोणी बेपर्वा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिला माणूस भूतदयेने उतरला. पुढचे सारे आपल्या माणसासाठी उतरले. धाकटा भाऊ गुदमरताना पाहून थोरल्याने काठावर उभे राहावे, ही गोष्ट आपल्या संस्कारांत बसत नाही. पण नेमके हेच ओळखून ठेवले पाहिजे की, अशा खड्ड्यात माणसाचे प्रेमच त्याला मारते. प्राणवायू नसलेल्या हवेत धाडसी माणूस भित्र्याहून एक पळभरही अधिक तग धरीत नाही. संकटसमयी विचार सुचत नाही, म्हणूनच नियम आधी करावयाचा असतो आणि तो सर्वांस तोंडपाठ असावा लागतो.

येथे एका जुन्या वहिवाटीविषयी इशारा देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. विहीर उपसण्यापूर्वी पेटता कंदील दोराने खाली सोडून पाहण्याची रीत आपल्याकडे आहे. कंदील विझला तर उतरावयाचे नाही. साध्या विहिरीत ही रीत काही अंशी उपयोगी पडली असेल. परंतु गोबरवायूच्या खड्ड्यात मिथेन असतो. तेथे पेटता कंदील सोडणे म्हणजे दारूच्या कोठारात काडी ओढणे होय. शिवाय विषारी वायू माणसास मारण्याइतका असला, तरी कंदील तेवत राहू शकतो. तेव्हा कंदिलाची साक्ष येथे दोन्ही परींनी खोटी आहे. हवा तपासण्याची खास उपकरणे असतात. ती अग्निशामक दलाकडे किंवा हे काम करणाऱ्या जाणत्या ठेकेदाराकडे मिळतात. ती नसतील, तर उतरणे नाही.

‘आमच्या गावी चाळीस वर्षे गोबरगॅस चालू आहे, कधी काही झाले नाही,’ असे येथील कित्येक जण म्हणतील, आणि ते खरेही असेल. रोज चालणारे संयंत्र पुष्कळसे निरुपद्रवी असते, कारण त्याच्या आत जाण्याचे कोणास कारणच पडत नाही. अपघात होतात ते दोन वेळी. एक, टाकीत गाळ साचला किंवा घुमटास तडा गेला म्हणून ती उघडावी लागते तेव्हा. आणि दुसरी, संयंत्र बंद पडल्यावर खड्डा तसाच सोडून दिला जातो तेव्हा. आपण उद्‌घाटनाची तयारी उत्तम करतो. फीत कापणारे पाहुणे ठरतात, संगमरवरी पाटी बसते. संयंत्र दहा वर्षांनी उघडण्याची किंवा कायमचे बंद करण्याची तरतूद मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात आढळत नाही. आमची विनंती अशी की, आपल्या अंदाजपत्रकात ती पहिल्याच वर्षी असावी.

बांधणीचे नियम सोपे आहेत. जागा उंचवट्याची, मोकळी आणि उन्हाची असावी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून निदान १५ मीटर दूर असावी, म्हणजे झिरप पाण्यात जाणार नाही. पायाजवळ मोठे झाड नको, कारण मुळे भिंत फोडतात. भारतीय मानक ब्यूरोची कुटुंबोपयोगी गोबरवायू संयंत्राविषयीची मानकसंहिता आहे, तिचा क्रमांक ९४७८. सामुदायिक संयंत्र तिच्या आकाराहून मोठे असले, तर अभियंत्याकडून स्वतंत्र आराखडा करून घ्यावा. खड्ड्यांची तोंडे जड झाकणांनी किंवा लोखंडी जाळीने बंद असावीत व त्यांस कुलूप असावे. वसतिगृहात मुले असतात. चेंडू कोठे जाईल आणि त्यामागे मूल कोठे जाईल, हे सांगता येत नाही.

वायूच्या नळीविषयी तितकीच दक्षता हवी. नळीत पाणी साचून वायू अडतो, म्हणून उताराच्या तळाशी पाणी काढण्याची तोटी ठेवावी. शेगडीच्या अलीकडे ज्योत उलट धावू नये म्हणून तांब्याची किंवा पितळेची बारीक जाळी बसवावी. गळती शोधावयाची ती साबणाच्या फेसाने. पेटत्या काडीने कदापि नाही. संयंत्र नव्याने सुरू केल्यावर टोपीत हवा मिसळलेली असते. तो पहिला वायू न पेटवता मोकळ्यावर सोडून द्यावा. आणि पेटवून पाहावयाचे ते दूर शेगडीशी, टाकीच्या तोंडाशी नव्हे. स्वयंपाकघराच्या खिडक्या, विशेषतः वरची झरोके, उघडी असावीत, कारण मिथेन छताकडे चढतो. हा वायू दाबून सिलिंडरात भरण्याची हौस तर कोणी करूच नये. दाबाखालील वायूसाठी २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि त्यांचा परवाना नागपूर येथे मुख्य कार्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडून घ्यावा लागतो.

पर्यावरणाच्या बाजूनेही दोन गोष्टी पाळावयाच्या आहेत. पहिली, न जळालेला वायू विनाकारण हवेत सोडू नये. उष्णता धरून ठेवण्याची मिथेनची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक आहे. सुट्टीत वसतिगृह बंद असताना भरती चालू ठेवली आणि वायू तसाच उडून गेला, तर ज्या कारणासाठी आपण पुण्य मिळवू पाहतो, त्याच खात्यावर पाप जमा होईल. त्या दिवसांत भरती कमी करावी किंवा उरलेला वायू सुरक्षित रीतीने जाळावा. दुसरी गोष्ट स्लरीची. ती उत्तम खत आहे. शेतात किंवा कंपोस्टाच्या खड्ड्यात तिचे सोने होते. ओढ्यात किंवा गटारात सोडली, तर तीच पाण्यातील प्राणवायू खाऊन मासे मारते आणि १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली आपणांस जाब द्यावा लागतो. शौचालय जोडलेले असेल, तर ती स्लरी कच्च्या भाजीपाल्यास घालू नये. ती पुरेशी मुरवून, वाळवूनच वापरावी.

कागदपत्रांविषयी आपल्याकडे फार नाराजी असते. ‘चांगल्या कामाला परवानग्या कशाला?’ असे आपण सहज म्हणतो. परंतु विचार केला तर असे दिसते की, परवानगीचा प्रत्येक कागद हा कोणत्या तरी जुन्या अपघाताचा वारस असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्या संस्थांवर, ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, अशी जबाबदारी घातली. म्हणजे कायदा आपल्या योजनेस अनुकूलच आहे. केंद्रशासनाच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमाने २०२१-२२ पासून १ ते २५ घनमीटरांच्या छोट्या संयंत्रांस साहाय्य देऊ केले. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी स्थानिक स्वराज्य संस्थेस लेखी कळवावे, आपल्या आकाराच्या संयंत्रास कोणती संमती लागते, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून त्याचे उत्तर लेखी घ्यावे आणि जवळच्या अग्निशामक केंद्रास संयंत्राचा नकाशा देऊन ठेवावा. या शेवटच्या कागदाला फार तर एक दिवस लागेल. प्रसंगी तो प्राण वाचवील.

आता दुसऱ्या सूचनेकडे वळतो. कार्यप्रसंगी पुऱ्या आणि भजी तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा वापरणे आरोग्यास घातक आहे, यात वाद नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा शेकडा २५ अशी ठरविली. तिच्या पलीकडे गेलेले तेल खाण्यास अयोग्य. त्याच वर्षी अशा तेलाचे जैवडिझेल करण्याची मोहीमही निघाली. म्हणून आमच्या तरुण मंडळींच्या मनात आले की, हे आपणच का करू नये? इंधनाच्या कृती सर्वत्र उपलब्ध आहेत आणि त्या वाचून हे काम पाककृतीइतके सोपे वाटते. त्यांच्या उत्साहाचे आम्हांस कौतुक आहे, म्हणूनच त्यांस थांबविणे आम्ही अगत्याचे मानतो.

त्या कृतीत शंभर लिटर तेलास सुमारे वीस लिटर मिथेनॉल आणि सोबत कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश लागते. मिथेनॉल ११-१२ अंश उष्णतेलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडते. म्हणजे आपल्याकडील थंडीच्या पहाटेसही ते धोक्याचेच. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. माणूस पेटलेला असतो आणि शेजाऱ्यास कळत नाही. ते कातडीतूनही शरीरात जाते आणि पोटात गेले तर आंधळेपणा किंवा मृत्यू येतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्या दारूत मिथेनॉलच होते. महाराष्ट्रात ते बाळगण्यावर आणि विकण्यावर विष म्हणून परवान्याचे नियंत्रण आहे, ते उगाच नव्हे. शंभर मुले राहतात त्या आवारात याचे पिंप ठेवणे आम्हांस कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. शिवाय उरणारे ग्लिसरीन आणि क्षारयुक्त धुवण यांची विल्हेवाट लावावी लागते, आणि तयार इंधन भारतीय मानक १५६०७ ला उतरले पाहिजे. ते न उतरलेले इंधन गाडीचे यंत्र बिघडवते. हे काम प्रयोगशाळा, अग्निरोधक व्यवस्था आणि शिकलेले कामगार असलेल्या कारखान्याचे आहे. आपण आपले तेल नोंदणी झालेल्या संकलकास द्यावे, दिलेल्या प्रत्येक डब्याची वहीत नोंद करावी आणि पावती जपून ठेवावी. समाजकार्य करावयाचे म्हणजे सर्व काही स्वतःच्याच हातांनी करावयाचे, असा त्याचा अर्थ नाही.

आता या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न बोलतो. ज्ञातिसंस्थेच्या सभेत तो बोलणे अवघड आहे, आणि म्हणूनच येथेच बोलला पाहिजे. टाकी तुंबली की, आपण काय करतो? आपल्या घरातील कोणी उतरत नाही. ‘कोणाला तरी बोलावून घ्या’ असे आपण म्हणतो. हा ‘कोणी तरी’ कोण असतो, कोणत्या वस्तीतून येतो, आणि पाचशे रुपयांसाठी काही न विचारता का उतरतो, हे आपणांस ठाऊक असते. गटारे आणि मैल्याच्या टाक्या यांत संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. अशा मृत्यूंसाठी कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. पण रकमेने बाप परत येत नाही. कायद्याचा शब्द गटार आणि मैलाटाकी यांच्यापुरता असेल. त्याचा आशय आपल्या स्लरीच्या खड्ड्यालाही लागू आहे, असे आम्ही मानतो. आपल्या मुलास जेथे उतरविणार नाही, तेथे दुसऱ्याच्या मुलास उतरविण्याचा आपणांस अधिकार नाही. ज्ञाती म्हणजे एकमेकांची काळजी वाहणारे लोक, अशी आपण व्याख्या करतो. ही काळजी आपल्या कुंपणापाशी थांबत असेल, तर तिला बंधुभाव हे नाव शोभत नाही.

कोणी म्हणेल की, एवढी दक्षता घेतली तर योजना महाग होईल. काहीशी होईल, हे आम्ही नाकारीत नाही. गाळ उपसण्याचा पंप भाड्याने आणावा लागेल, झाकणे जड करावी लागतील, एका माणसास शिकवून नेमावे लागेल. पण ज्या संस्थेने विद्यार्थ्यांच्या पंगतीसाठी मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृह उभे केले, तिला हा खर्च जड नाही. आणि तो करण्याची तयारी नसेल, तर सिलिंडरच बरे. तसे स्वच्छपणे म्हणून योजना सोडून द्यावी. अर्ध्या खर्चात पुरे संयंत्र हे मात्र होऊ नये.

तेव्हा सर्वसाधारण सभेने योजनेस संमती देताना पुढील पाच कलमे ठरावातच घालावीत, अशी आमची सूचना आहे.

१. पाचक टाकीत किंवा स्लरीच्या खड्ड्यात कोणीही, कोणत्याही कारणासाठी, संस्थेच्या सांगण्यावरून किंवा स्वतःहून उतरणार नाही. गाळ पंपाने उपसला जाईल. आत जाणे अटळच झाले, तर ते हवा तपासणारे उपकरण, श्वसनसाधन, कमरेचा पट्टा व दोर असलेले शिक्षित पथकच करील.

२. माणूस किंवा जनावर आत पडल्यास काठावरील कोणी उतरणार नाही. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर तत्काळ कळविले जाईल. ही सूचना ठळक मराठी अक्षरांत खड्ड्याशी आणि स्वयंपाकघरात लावली जाईल आणि दरवर्षी वसतिगृह उघडताना प्रत्येक विद्यार्थ्यास वाचून दाखविली जाईल.

३. संयंत्राची जबाबदारी एका नेमलेल्या व शिकविलेल्या व्यक्तीकडे राहील. भरती, गळतीची तपासणी आणि दुरुस्ती यांची वही ती ठेवील व कार्यकारी मंडळ दर तीन महिन्यांनी ती पाहील.

४. सर्व परवानग्या व पत्रव्यवहार एका फायलीत राहील आणि वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबर त्याचाही उल्लेख होईल.

५. संयंत्र बंद करण्याचे ठरल्यास ते उपसून, तोडून, माती भरून खड्डा जमिनीशी सपाट केल्याखेरीज काम पुरे झाले असे मानले जाणार नाही. त्यासाठी पहिल्या वर्षापासून स्वतंत्र निधी राखला जाईल.

याच कलमांच्या अनुषंगाने आणखी एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्या शेतात किंवा वाड्यामागे बंद पडलेले गोबरगॅसचे खड्डे असतील, त्यांनी गावी परतताच ते प्रथम झाकावेत आणि मग बुजवावेत. आपल्या नव्या संयंत्राची वीट बसण्यापूर्वी हे जुने खड्डे बुजले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू. यासाठी ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.

  संस्थेचे हे कार्य निर्विघ्नपणे सिद्धीस जावो, वसतिगृहाची चूल आपल्याच गोठ्यांतील शेणावर पेटो, आणि त्या चुलीवरील भाकरी कोणाच्याही जिवाच्या मोलाची नसो, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.